हवामान-तटस्थ शहरांसाठी संशोधन करायचे आहे, पण त्यासाठी आपले शहर सोडावे का?

पत्राचा सारांश : पत्रलेखिका 32 वर्षांच्या असून उत्तर महाराष्ट्रातील एका महापालिकेच्या पर्यावरण विभागात सहा वर्षांपासून कनिष्ठ अभियंता या कायम पदावर आहेत. स्थापत्य अभियांत्रिकीनंतर त्यांनी नगर नियोजनात पदव्युत्तर शिक्षण घेतले. शहरांना हवामान-तटस्थ होण्यास, म्हणजे हरितगृह वायूंचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्यास, मदत करणारे संशोधक घडवण्यासाठी युरोपीय संघाच्या निधीतून चालणाऱ्या एका पीएचडी प्रकल्पात त्यांची निवड झाली आहे आणि नेदरलँड्समधील एका विद्यापीठाने त्यांना तीन वर्षांचे पद देऊ केले आहे. होकार कळवण्यासाठी एक महिन्याची मुदत आहे. पती बँकेत नोकरीला आहेत, मुलगी चार वर्षांची आहे आणि सासूबाई तिला सांभाळायला तयार आहेत. त्या विचारतात : ज्या महापालिकेने मला काम शिकवले तिला सोडून जाणे योग्य आहे का? परत आले नाही तर ते पळून जाणे ठरणार नाही का? तिथले शिक्षण थंड हवेच्या आणि श्रीमंत शहरांसाठीचे आहे, ते आपल्याकडे लागू पडेल का? कार्यालयातील ज्येष्ठ सहकारी म्हणतात की प्रबंध लिहून शहरे बदलत नाहीत. ते खरे असेल तर ही तीन वर्षे वाया जाणार नाहीत का? आणि मुलीला मागे ठेवून राहणे मला जमेल का?

सप्रेम नमस्कार.

तुमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या म्हणण्यापासून सुरुवात करते, कारण तुमच्या इतर सर्व शंका त्याच्यावर उभ्या आहेत. त्यांचे म्हणणे मी उडवून लावणार नाही. अनेक शहरांच्या कपाटांत उत्तम अहवाल वर्षानुवर्षे पडून आहेत हे त्यांनी तुमच्यापेक्षा जास्त वर्षे पाहिले आहे. पण अहवाल पडून का राहतात, याचा विचार त्या वाक्यात नाही, आणि तुमचा निर्णय नेमका त्या विचारावर अवलंबून आहे.

कोपनहेगनचे उदाहरण घ्या. 2025 पर्यंत कार्बन-तटस्थ राजधानी होण्याचा आराखडा या शहराने 2012 मध्ये मंजूर केला. तिथे तंत्रज्ञान होते, पैसा होता, सायकलींचे उत्तम मार्ग होते आणि जवळजवळ सर्व इमारतींना उष्णता पुरवणारी सामाईक नळव्यवस्था होती. उत्सर्जन पुष्कळ कमी झालेही. तरीसुद्धा ऑगस्ट 2022 मध्ये शहराला जाहीर करावे लागले की ठरल्या वर्षी उद्दिष्ट गाठता येणार नाही. शहराच्या कचऱ्यापासून वीज आणि उष्णता तयार करणाऱ्या आमागर बाके प्रकल्पाच्या धुरातील कार्बन डायऑक्साइड पकडून साठवायचा, यावर आराखड्यातील शेवटचा मोठा टप्पा अवलंबून होता, आणि त्या योजनेला सरकारी निधी मिळण्याच्या अटी पूर्ण होऊ शकल्या नाहीत. कचरा जाळल्यावर निघणाऱ्या वायूचा जो भाग जीवाश्म इंधनाच्या खाती मोजला जातो तो मुख्यतः कचऱ्यातील प्लास्टिकमुळे येतो. म्हणजे या एकाच अडचणीचे एक टोक घराघरातील कचऱ्याच्या डब्यात होते, दुसरे प्रकल्पाच्या यंत्रणेत आणि तिसरे सरकारी निधीच्या नियमांत. प्रत्येक टोकाला तज्ज्ञ माणसे होती. तिन्ही टोके एकत्र वाचून ‘ही योजना अडली तर आपला पुढचा मार्ग काय’ असे वेळेवर विचारू शकतील अशी माणसे कोणत्याही शहरात फार थोडी असतात. अशी माणसे तयार करणे हाच या प्रशिक्षणाचा खरा हेतू असायला हवा, आणि तुम्हाला मिळालेली जागा त्या हेतूची आहे की नाही हे तपासणे हे तुमचे या महिन्यातले मुख्य काम आहे.

युरोपीय संघाने 2030 पर्यंत शंभर शहरे हवामान-तटस्थ आणि स्मार्ट करण्याचे अभियान हाती घेतले. त्यासाठी 377 शहरांनी इच्छा कळवली आणि एप्रिल 2022 मध्ये 112 शहरे निवडली गेली. त्यातील 100 संघातील आहेत आणि 12 संघाबाहेरील सहयोगी देशांतील. नेदरलँड्समधील सात शहरे त्यात आहेत : ॲमस्टरडॅम, रॉटरडॅम, हेग, युट्रेक्ट, आइंडहोवन, ग्रोनिंगन आणि हेलमंड. प्रत्येक शहराने एक ‘हवामान शहर करार’ तयार करावा अशी अपेक्षा आहे. त्याचे तीन भाग असतात : शहरातील विविध संस्थांची बांधिलकी, कृती आराखडा आणि गुंतवणूक आराखडा. ही पद्धत आधी स्वीडनने वापरली. तिथल्या पहिल्या नऊ शहरांनी डिसेंबर 2020 मध्ये असे करार केले होते. तिसऱ्या भागाकडे विशेष लक्ष द्या. कोणती बस घ्यायची किंवा कोणती इमारत दुरुस्त करायची एवढे सांगून तो पूर्ण होत नाही. पैसा कोणाच्या खिशातून, कोणत्या वर्षी आणि कोणत्या जोखमीवर येणार हेही लिहावे लागते. स्थायी समितीपुढे जाणारा विषय तुम्ही सहा वर्षांत अनेकदा तयार केला असेल. एखादा चांगला प्रस्ताव ‘लेखाशीर्षात तरतूद नाही’ या एका शेऱ्यावर परत येतो हे तुम्हाला ठाऊक आहे. थेट विद्यापीठातून आलेल्या तरुण संशोधकाला हे शिकायला फार वेळ लागतो. तुम्ही ते आधीच शिकून निघाला आहात.

आता तुमच्या दुसऱ्या शंकेकडे येते. तिथले शिक्षण थंड आणि श्रीमंत शहरांसाठीचे आहे, हे तुमचे निरीक्षण बरोबर आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मला घाईचा वाटतो. युरोपीय शहरांपुढचा मोठा प्रश्न जुन्या इमारतींचा आहे. आज उभ्या असलेल्या इमारतींपैकी 85 ते 95 टक्के इमारती 2050 मध्येही उभ्या असतील असे युरोपीय आयोगाने 2020 मध्ये म्हटले होते आणि ऊर्जा वाचवण्यासाठी होणाऱ्या नूतनीकरणाचा वेग तेव्हा वर्षाला जेमतेम एक टक्का होता. आपल्याकडे प्रश्न थंडाव्याचा आहे, अजून न बांधलेल्या घरांचा आहे, पत्र्याच्या छपराखाली उन्हाळा काढणाऱ्या वस्त्यांचा आहे. तांत्रिक उत्तरे वेगळी असणार यात शंका नाही. पण नेदरलँड्समध्ये गेल्या काही वर्षांत जे घडले ते बारकाईने पाहिले, तर तंत्रज्ञानाच्या पलीकडचा एक फार ओळखीचा भाग दिसतो.

त्या देशातील बहुतेक घरे दीर्घकाळ नैसर्गिक वायूवर गरम होत आली. ग्रोनिंगन भागातील वायूच्या उपशामुळे भूकंपाचे धक्के बसू लागले. 2012 मध्ये हाउझिंगे येथे बसलेला धक्का 3.6 तीव्रतेचा होता. घरांना तडे गेले, लोकांचा रोष वाढत गेला आणि अखेर ऑक्टोबर 2023 मध्ये तो उपसा थांबवण्यात आला. दरम्यान जुलै 2018 पासून नव्या घरांना वायूची जोडणी साधारणपणे द्यायची नाही असे ठरले, त्याच वर्षी 27 नगरपालिकांमध्ये अख्खी वस्तीच वायूमुक्त करण्याचे प्रायोगिक प्रकल्प मंजूर झाले, आणि कोणती वस्ती केव्हा व कशी बदलायची याचा आराखडा 2021 अखेर तयार करण्याची जबाबदारी प्रत्येक नगरपालिकेवर आली. कागदावर हे सुबक दिसते. प्रत्यक्षात काम सावकाश चालले, कारण घरमालक विचारू लागले की महिन्याचा खर्च वाढणार नाही याची हमी कोण देतो, भाडेकरू विचारू लागले की दुरुस्तीनंतर भाडे वाढणार का, आणि सामाईक नळांतून उष्णता पुरवणारी एकच कंपनी असेल तर दर कोण ठरवणार हा प्रश्न सगळ्यांनाच पडला. त्यातच वीजजाळ्याची क्षमता अनेक भागांत अपुरी पडू लागली आणि नव्या जोडण्यांसाठी प्रतीक्षायादी लागली. आता सांगा, बिल किती येणार, हमी कोण देणार, घरमालकाने केलेल्या सुधारणेचा बोजा भाडेकरूवर पडणार का, रोहित्राची क्षमता पुरेल का, यांतील कोणता प्रश्न तुमच्या शहराला परका आहे? एखादी नगरपालिका अशा प्रश्नांना तोंड कसे देते, नागरिकांच्या सभेत काय बोलते, चुकलेला अंदाज कसा सुधारते, हे आतून पाहायला मिळणे ही मोठी संधी आहे. हीट पंपाचे, म्हणजे विजेवर घर गरम करणाऱ्या यंत्राचे, गणित परत आणता आले नाही तरी ही दृष्टी आणता येते.

शिवाय ज्ञान तिथून इथे येते आणि इथून तिथे काहीच जात नाही, असे तुमच्या पत्रात न लिहिताही गृहीत धरलेले आहे. मला ते मान्य नाही. कोपनहेगनच्या चिमणीत अडकलेल्या प्लास्टिकचा उल्लेख मी वर केला. पुण्यात कचरावेचक कामगारांची संघटना 1993 मध्ये उभी राहिली आणि त्यातून 2008 मध्ये ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आली, जिचे तीन हजारांहून अधिक सभासद घरोघरचा कचरा गोळा करतात आणि हाताने वेगळा करून विकण्याजोगे प्लास्टिक, कागद, काच पुन्हा वापरात पाठवतात. या कामाने किती उत्सर्जन टळते, ते कोणाच्या खाती मांडायचे आणि त्याचा मोबदला त्या कामगारांपर्यंत कसा पोहोचवायचा, हे जगातील अनेक शहरांना उपयोगी पडणारे संशोधन आहे. असा विषय मांडण्यासाठी त्या कामाची प्रतिष्ठा जाणणारे माणूस हवे. तुम्ही तुमच्या शहरातील घंटागाड्यांचे मार्ग, कचरा डेपोवरची स्थिती आणि त्या कामातील माणसे जवळून पाहिली आहेत. हे तुमचे भांडवल आहे; मार्गदर्शकांशी बोलताना ते मागच्या बाकावर बसवू नका.

आपल्या राज्यात या कामाची गरज आहे की नाही, अशीही शंका तुमच्या पत्रात डोकावते. 2021 मध्ये महाराष्ट्रातील 43 शहरे ‘रेस टू झिरो’ या जागतिक मोहिमेत सामील झाली. मुंबईने मार्च 2022 मध्ये आपला हवामान कृती आराखडा जाहीर करून 2050 पर्यंत नेट झिरोचे, म्हणजे निव्वळ शून्य उत्सर्जनाचे, उद्दिष्ट ठेवले. 2019 या आधारवर्षात मुंबईचे उत्सर्जन सुमारे 2 कोटी 34 लाख टन कार्बन डायऑक्साइड-समतुल्य (सर्व हरितगृह वायू एकाच मापात मोजून) होते. त्यातील सुमारे 72 टक्के इमारती आणि तत्सम स्थिर ठिकाणच्या ऊर्जावापरातून, 20 टक्के वाहतुकीतून आणि 8 टक्के कचऱ्यातून आले. 2024 मध्ये मुंबई महापालिकेने ऑस्लोच्या धर्तीवर हवामान अंदाजपत्रकही मांडले, म्हणजे नेहमीच्या अंदाजपत्रकातील कोणता खर्च या उद्दिष्टाकडे नेतो याची नोंद सुरू केली. मुंबईला हे मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थांच्या साहाय्याने करता आले. मध्यम आकाराच्या शहरात अशी मोजणी एखादी सल्लागार कंपनी एकदा करून देते आणि पुढच्या वर्षी तेच आकडे ताजे करायला कोणी उरत नाही. हे मला फार खुपते. आराखडा बाहेरून विकत घेता येतो, पण दरवर्षी तो पुढे नेण्याची क्षमता महापालिकेच्या आतच घडावी लागते, आणि भारताचे नेट झिरोचे राष्ट्रीय उद्दिष्ट 2070 चे असल्याने हे काम तुमच्या संपूर्ण सेवाकाळाला पुरून उरणारे आहे. त्यामुळे तीन-चार वर्षांच्या शिक्षणाला उशीर झाला असे समजण्याचे कारण नाही.

माझे मत स्पष्ट सांगते. पुढे दिलेल्या प्रश्नांपैकी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक आली, तर तुम्ही ही संधी घ्यावी. ती आली नाहीत, तर केवळ परदेशी पदवीसाठी जाऊ नये.

पहिला प्रश्न मार्गदर्शकांना विचारा : माझ्या संशोधनाचा प्रश्न कोणत्या शहराचा आहे आणि त्या शहरातील कोणता अधिकारी त्याच्या उत्तराची वाट पाहतो आहे? अशा प्रकल्पांच्या कागदपत्रांत सहभागी शहरांची नावे असतातच, पण नाव असणे आणि त्या नगरपालिकेत तुमच्यासाठी टेबल-खुर्ची असणे यांत अंतर आहे. तुमचा प्रकल्प संशोधक घडवणाऱ्या युरोपीय संघाच्या मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी योजनेतील दिसतो. या योजनेखालील पीएचडी प्रकल्पांत एकूण कालावधीच्या एक तृतीयांशापर्यंतचा काळ दुसऱ्या सहभागी संस्थेत जाऊन काम करता येते. तुमच्या वाट्याचा तो काळ नगरपालिकेत, ऊर्जा कंपनीत की दुसऱ्या विद्यापीठात आहे, किती महिने आहे आणि तिथे तुमच्याकडे कोणते काम असेल, हे लेखी विचारा. नगरपालिकेत सलग काही महिने बसायला मिळणार असेल तर ती जागा मौल्यवान समजा. केवळ दोन कार्यशाळा आणि एक अभ्यासदौरा असेल, तर तुमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांची भीती खरी ठरण्याची शक्यता आहे.

दुसरा प्रश्न असा : भारतातील एखाद्या शहराचा तुलनात्मक अभ्यास माझ्या प्रबंधात बसू शकेल का, आणि तिथले क्षेत्रकाम मान्य होईल का? या योजनेत जगभरातील संस्था सहयोगी भागीदार होऊ शकतात. तुमची महापालिका किंवा महाराष्ट्रातील एखादी शिक्षणसंस्था नंतर जोडता येईल का हे आजच विचारलेले बरे, कारण असा बदल सुरुवातीला जितका सोपा असतो तितका दुसऱ्या वर्षानंतर राहत नाही. उत्तर नकारार्थी आले तरी ते कोणत्या शब्दांत येते ते पाहा. ‘विषय ठरलेला आहे, बदल शक्य नाही’ असे म्हणणारे मार्गदर्शक आणि ‘एक प्रकरण तसे करता येईल, आपण चर्चा करू’ असे म्हणणारे मार्गदर्शक, यांच्या हाताखालची तीन वर्षे अगदी वेगळी जातात. त्यांच्याकडे सध्या शिकणाऱ्या एक-दोन विद्यार्थ्यांशी स्वतंत्रपणे बोला. हे विचारणे तिथे कोणी उद्धटपणा समजत नाही.

पैशाबाबत दोनच गोष्टी. जाहिरातीत दिसणारी मासिक रक्कम ही बहुधा संस्थेचा एकूण खर्च असतो. त्यातून संस्थेचा सामाजिक विम्याचा वाटा आणि तुमचा कर वजा झाल्यावर हातात किती येईल हे मनुष्यबळ विभागाला विचारून आकड्यात मागून घ्या. दुसरे असे की तुम्हाला देऊ केलेले पद तीन वर्षांचे आहे आणि नेदरलँड्समध्ये पीएचडीला सामान्यतः चार वर्षे लागतात. चौथ्या वर्षाचे वेतन विद्यापीठ देणार का, हे करारात असावे. तोंडी आश्वासनावर चार वर्षांच्या मुलीचे घर चालवायला जाऊ नका.

मुलीबद्दल तुम्ही सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी लिहिले आहे, त्यामुळे तोच प्रश्न तुम्हाला सर्वांत जड वाटतो आहे असा माझा समज झाला. तिला मागे ठेवायचे हे तुम्ही सर्वांनी मिळून कधी ठरवले? की सासूबाईंनी मोठ्या मनाने तयारी दाखवली आणि तो निर्णय आपोआप झाला? तुम्ही तिथे वेतनावर काम करणाऱ्या संशोधक असाल. संशोधकाच्या निवास परवान्यावर कुटुंबाला सोबत नेता येते आणि नेदरलँड्समध्ये अशा संशोधकाच्या जोडीदाराला काम करण्याचीही मुभा असते. या योजनेत कुटुंब भत्त्याचीही तरतूद आहे. तिथली मुले चार वर्षांची झाली की प्राथमिक शाळेत जाऊ लागतात, म्हणजे तुमच्या मुलीचे वय त्या दृष्टीने सोयीचे आहे. अडचण घराची आहे. त्या देशात भाड्याच्या घरांची टंचाई तीव्र आहे आणि कुटुंबासाठी घर मिळायला वेळ लागतो. त्यामुळे आधी तुम्ही जावे, घर मिळवावे आणि काही महिन्यांनी पती व मुलगी यावेत, हा मार्ग अनेकांना परवडतो. पतींना बँकेतून दीर्घ रजा मिळू शकते का, मिळाली नाही तर ते नोकरी सोडायला तयार आहेत का, हे त्यांना स्पष्ट विचारा आणि त्यांच्या मौनाचा अर्थ स्वतः लावू नका. सर्व विचार करून मुलगी आजीजवळ राहावी असे तुम्ही दोघांनी ठरवले तर तोही निर्णय योग्य असू शकतो. आई परगावी आणि मूल आजीकडे, असे आपल्याकडे अनेक घरांत झाले आहे आणि ती मुले प्रेमात वाढली आहेत. मात्र तो विचार करून घेतलेला निर्णय असावा. तीन वर्षे मुलीपासून दूर राहणे मला जमणार नाही, असे तुमचे मन आजच सांगत असेल, तर त्याचे ऐकण्यात कोणताही कमीपणा नाही.

आणि आता शहर सोडून जाण्याबद्दल. महापालिकेने तुम्हाला शिकवले हे खरे, पण सहा वर्षे तुम्ही त्या वेतनाचे काम केले आहे. तुमच्यावर कर्ज उरलेले नाही. एक नुकसान मात्र खरोखर होणार आहे, आणि त्याची काळजी घेणे तुमच्या हातात आहे : तुमच्या विभागातील कोणती माहिती कुठे आहे हे बहुधा फक्त तुम्हालाच ठाऊक असेल. जाण्यापूर्वी ती लिहून ठेवा. त्याच्या जोडीला एक छोटे काम करा, जे संशोधनाची पहिली पायरी म्हणूनही उपयोगी पडेल. महापालिकेची मागील तीन वर्षांची वीजबिले लेखा आणि विद्युत विभागाकडून मिळवा आणि पाणीपुरवठ्याचे पंप, मलनिस्सारण केंद्रे, पथदिवे आणि कार्यालये अशा चार गटांत युनिट मांडा. आपल्या देशातील जाळ्याच्या विजेमागे प्रत्येक युनिटला साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरला जातो, म्हणजे एक लाख युनिटमागे सुमारे 70 टन. आपल्या बहुतेक महापालिकांत पाणी उपसणे आणि ते उंचावर चढवणे यावर सर्वांत जास्त वीज खर्च होते. त्यामुळे गळती कमी करण्याचा प्रस्ताव हा हवामानाचाही प्रस्ताव आहे, हे त्या एका तक्त्यावरून आयुक्तांना दाखवता येईल. तुमच्यानंतर त्या टेबलावर येणाऱ्या व्यक्तीला दरवर्षी तो तक्ता पुढे भरता आला पाहिजे, इतका तो सोपा ठेवा. पुढे तुमच्या प्रबंधाला आपल्या शहराची माहिती लागेल तेव्हा तो चालू असलेला तक्ता तुमच्याच कामी येईल.

ज्या वाचकांना अशी निवड मिळालेली नाही पण या कामाची ओढ आहे, त्यांच्यासाठीही थोडे लिहिते. युरोपातील अशा जागा ‘युरॅक्सेस’ या अधिकृत संकेतस्थळावर जाहीर होतात. वर उल्लेखलेल्या योजनेतील जागांना राष्ट्रीयत्वाची अट नसते. आधीची पीएचडी नसावी लागते, आणि ज्या देशात जागा आहे तिथे भरतीपूर्वीच्या 36 महिन्यांत 12 महिन्यांहून अधिक वास्तव्य झालेले नसावे लागते. अर्ज करायला शुल्क नसते, त्यामुळे ‘जागा मिळवून देतो’ म्हणणाऱ्या कोणालाही पैसे देऊ नयेत. अभियंत्यांनाच तिथे वाव आहे असेही नाही. वर डच वस्त्यांचे जे प्रश्न आले त्यांना अर्थशास्त्र, कायदा, समाजशास्त्र आणि लेखापरीक्षण जाणणारी माणसे लागतात. देशातच राहून शिकायचे असेल तर आयआयटी मुंबईत शहरविज्ञानाचे स्वतंत्र केंद्र आहे आणि नोकरी सांभाळून बाह्य नोंदणीने पीएचडी करण्याची वाटही तिथे आहे. अहमदाबादचे सेप्ट विद्यापीठ आणि बेंगळुरूची भारतीय मानव वसाहत संस्था शहरांवरच काम करतात. दिल्लीच्या राष्ट्रीय नगर व्यवहार संस्थेचे हवामानविषयक केंद्र नगरपालिकांच्या अधिकाऱ्यांसाठी प्रशिक्षण घेते. महापालिकेत काम करणाऱ्या व्यक्तीला यांपैकी एखादी वाट परदेशापेक्षा अधिक फलदायी ठरू शकते, कारण तिचा प्रश्न आणि तिचे टेबल एकाच इमारतीत राहतात. नेदरलँड्समधून समाधानकारक उत्तरे आली नाहीत, तर तुम्हीही हाच मार्ग गंभीरपणे पाहावा असे मला वाटते.

परत आला नाहीत तर ते पळून जाणे ठरेल, असे तुम्ही लिहिले आहे. आजच स्वतःकडून असे वचन घेऊ नका. चार वर्षांनी तुमच्या महापालिकेत या कामासाठी पद असेल की नाही, मुलीची शाळा कुठे असेल, तुमची दृष्टी कशी बदललेली असेल, हे आज कोणालाच ठरवता येणार नाही. परतण्याचे दार उघडे ठेवणे मात्र आज शक्य आहे आणि ते कागदोपत्री करायचे काम आहे. आस्थापना विभागाकडे अध्ययन रजेसाठी लेखी अर्ज द्या. किती काळ मिळू शकते, उरलेल्या काळासाठी असाधारण रजा जोडता येते का, बंधपत्र द्यावे लागेल का, आणि या काळात ज्येष्ठता व निवृत्तिवेतनाचे काय होईल, या चारही मुद्द्यांवर लेखी उत्तर मागा. महिनाभरात उत्तर येणार नाही अशी शक्यता आहे, म्हणून विद्यापीठाला आजच नम्रपणे कळवा की शासकीय परवानगीसाठी आणखी काही आठवडे लागतील. असे मुदतवाढीचे पत्र ते समजून घेतात. अर्जाची पोच घ्या, प्रत आयुक्त कार्यालयाला द्या, आणि आस्थापना विभागाचे उत्तर हाती येईपर्यंत राजीनाम्याचा कागद लिहू नका.